कारखान्याच्या ई-मेलला आता चिठ्ठीशिवाय प्रवेश नाही
— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



गळीत हंगामात आपल्या केनयार्डाच्या फाटकावर काय चालते ते आपणांस सांगावयास नको. गाडी कितीही गच्च भरलेली असो, ऊस कितीही देखणा असो, चिटबॉयने दिलेली चिठ्ठी असल्याशिवाय ती नंबराला लागत नाही. चिठ्ठीवर सभासदाचे नाव, गाव, गट, उसाची जात, लागण की खोडवा, हे सगळे असते. काट्यावर ते पुन्हा पडताळले जाते. "आपलाच ऊस हाय, घ्या की आत" म्हणून चालत नाही. कारण एकदा बिनचिठ्ठीची गाडी गव्हाणीत रिकामी झाली, की कोणाचे टनेज कोणाच्या नावावर पडले हे ब्रह्मदेवालाही सांगता यावयाचे नाही.

कारखान्याच्या संगणकावर येणाऱ्या ई-मेलला मात्र आजवर असे फाटक नव्हते. जगाच्या पाठीवरून कोणीही, कोणाच्याही नावाने पत्र धाडावे आणि ते थेट आमच्या कारकुनाच्या टेबलावर यावे, अशी स्थिती होती. म्हणून संचालक मंडळाने ठरविले आहे की, हिशेब, ऊस बिल, खरेदी-भांडार आणि साखर विक्री या चार विभागांच्या ई-मेल पेटीत यापुढे मंजूर यादीतील पत्त्यांवरून आलेलीच पत्रे घ्यावयाची. बाकीची फाटकाबाहेर थांबतील.

हे कळल्यापासून गटागटांतून आम्हांला प्रश्न विचारले जात आहेत. एका गट सभेत एका वडीलधाऱ्या सभासदांनी तर सरळच विचारले, "सायेब, कारखाना आमचा, शेअर आमचा, अन् आमचंच पत्र दारात अडवणार? कामून?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर सर्व सभासदांस मिळावे म्हणून हा लेखप्रपंच.

ई-मेलचे टपाल कसे चालते

जुन्या आंतरदेशीय पत्राची आठवण करा. पाठीमागे 'पाठविणाऱ्याचे नाव व पत्ता' अशी जागा असे. तिथे कोणी काय लिहिले ते खरे की खोटे, हे पोस्टमन कधी पाहत नसे. त्याचे काम पत्र पोचविण्याचे. ई-मेलचेही तसेच आहे. १९७१ साली अमेरिकेत रे टॉमलिन्सन या अभियंत्याने एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पहिला निरोप पाठविला आणि नाव व ठिकाण यांच्यामध्ये आज आपण जे 'ॲट'चे चिन्ह पाहतो ते वापरले. १९८२ साली या टपालाचे नियम लिहिले गेले. त्या वेळी हे जाळे वापरणारे लोक थोडे आणि बहुतेक एकमेकांच्या ओळखीचे होते. पाठविणाऱ्याने जे नाव लिहिले ते खरे मानावयाचे, असा विश्वासाचा कारभार होता. गावात शंभर उंबरे असतात तोवर दाराला कुलूप लागत नाही, त्यातला प्रकार. पुढे गावाचे शहर झाले, परंतु दार तसेच उघडे राहिले.

आता पत्ता कसा वाचावयाचा ते पाहू. 'ॲट'च्या चिन्हाच्या डावीकडे व्यक्तीचे किंवा विभागाचे नाव असते. उजवीकडे असते ते 'डोमेन', म्हणजे संस्थेचे ठिकाण. आपला पिन कोड आठवा. श्रीराम भिकाजी वेलणकर या आपल्याच मराठी गृहस्थांनी त्याची रचना केली आणि १५ ऑगस्ट १९७२ पासून तो सुरू झाला. ४१३५१२ म्हटले की लातूर, ४३१६०१ म्हटले की नांदेड. नावाचे शंभर गणपतराव असतील, पण पिन कोडने ठिकाण पक्के होते. डोमेन हा असाच ठिकाणाचा दाखला आहे. फरक एवढाच की पिन कोड डावीकडून उलगडतो आणि डोमेन उजवीकडून. सर्वांत उजवीकडचा भाग सर्वांत महत्त्वाचा. 'जीओव्ही डॉट इन' हे शेवट फक्त सरकारी कार्यालयांना मिळते. पण एखाद्याने मध्येच 'जीओव्ही डॉट इन' घालून शेवटी 'डॉट कॉम' लावले, तर ते सरकारी ठिकाण नव्हे. 'डॉट कॉम'चे नाव कोणालाही काही शे रुपयांत वर्षभरासाठी घेता येते.

आणखी एक गंमत आहे. मोबाईलवर पत्र उघडले की पुष्कळदा पूर्ण पत्ता दिसत नाही, नुसते नाव दिसते. ते नाव म्हणजे ट्रकच्या कपाळावर रंगविलेली पाटी. 'जय मल्हार' लिहा नाही तर 'कारखान्याची सेवा' लिहा, रंगाऱ्याला काय त्याचे! गाडी कुठली हे नंबरप्लेटवरून कळते. एमएच-२४ असेल तर लातूरची, एमएच-२६ असेल तर नांदेडची. ई-मेलची नंबरप्लेट म्हणजे डोमेन. आमचे फाटक पाटी पाहणार नाही, नंबरप्लेट पाहील.

दोन अक्षरांच्या अदलाबदलीचे मोल

हे सगळे फुकाचे भय आहे असे कोणी म्हणेल, त्याच्यासाठी मुंबईचे उदाहरण देतो. ओएनजीसी ही आपल्या देशाची मोठी तेल कंपनी. २०१५ साली तिने सौदी अरेबियाच्या अरामको कंपनीला नाफ्था विकला. माल गेला, पण पैसे येईनात. विचारणा केली तर उत्तर आले की आम्ही तर पैसे भरले! भरले होते, पण भलत्याच खात्यात. मध्येच कोणा भामट्याने ओएनजीसीच्या नावाने ई-मेल पाठवून 'आमचे बँक खाते बदलले आहे' असे कळविले होते. त्या ई-मेलच्या पत्त्यात 'ओ, एन, जी, सी' या अक्षरांऐवजी 'ओ, जी, एन, सी' अशी अक्षरे होती. मधली दोन अक्षरे जागा बदलून बसली होती, बाकी सगळे हुबेहूब. रक्कम होती १९७ कोटी रुपये. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात मुंबईत पोलिसांकडे तक्रार नोंदविली गेली.

इथे लक्षात घ्या, बंधूंनो. माणसाचा डोळा अक्षरे मोजत नाही, ओळखीचा शब्द दिसला की पुढे सरकतो. इंग्रजीतील 'आर' आणि 'एन' ही लहान लिपीतील अक्षरे शेजारी आली तर ती 'एम'सारखी दिसतात. दिवसभर आकडेमोड करून थकलेला कारकून ते कसे ओळखणार? यंत्राला मात्र थकवा नाही. यादीत 'ओएनजीसी' लिहिले असेल आणि पत्र 'ओजीएनसी'कडून आले, तर यंत्राच्या लेखी ते पत्र अनोळखी. ते बाहेरच थांबेल.

आपल्या मराठवाड्यातही संगणकावरून पैसे पळविण्याचे प्रकार घडले आहेत. जानेवारी २०२१ मध्ये नांदेडच्या शंकर नागरी सहकारी बँकेच्या दुसऱ्या बँकेतील खात्यातून सुमारे साडेचौदा कोटी रुपये परस्पर वळते झाले, हे आपण वर्तमानपत्रांत वाचलेच आहे. त्याआधी ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर असाच हल्ला होऊन ९४ कोटींहून अधिक रुपये गेले. ही दोन्ही प्रकरणे ई-मेलच्या पत्त्याची नव्हेत, पण सहकारी संस्था लहान आहे, खेड्यातली आहे, तिच्याकडे कोण बघतो, या भ्रमात राहू नये एवढे त्यांवरून शिकावे.

आपल्या कारखान्यातही मागील हंगामात एक पत्र आले होते. नेहमीच्या एका पुरवठादाराच्या नावाने, त्याच बिलाचा क्रमांक घालून, 'यापुढील रक्कम नव्या खात्यात भरावी' असे कळविले होते. हिशेब विभागाने रजिस्टरमधील जुन्या क्रमांकावर फोन करून विचारले आणि प्रकार उघडकीस आला. त्या पुरवठादाराने असे काहीच पाठविले नव्हते. पैसे वाचले. परंतु दर वेळी कोणी फोन करीलच, यावर कारखाना चालत नाही. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने ऊस बिल चौदा दिवसांत देण्याचे बंधन घातले. त्या चौदा दिवसांत एक मोठी रक्कम चुकीच्या खात्यात गेली, तर कोणाचे बिल थांबेल? संचालकांचे नव्हे, आमचेही नव्हे. ते आपले थांबेल. सोसायटीचे कर्ज, मुलीचे लग्न, खोडव्याचे खत, सगळे त्या बिलावर अवलंबून असते.

यादीत कोण, बाहेर कोण

मंजूर यादी करताना प्रत्येक विभागप्रमुखाने आपल्या कामाच्या संस्था लिहून दिल्या. यादीत पहिली आली सरकारी कार्यालये. साखर आयुक्तालय, जिल्हाधिकारी कार्यालय, केंद्र सरकारची खाती, यांची पत्रे 'जीओव्ही डॉट इन' किंवा 'एनआयसी डॉट इन' या ठिकाणांवरून येतात. दुसऱ्या आल्या बँका. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केले की देशातील बँकांनी 'बँक डॉट इन' हे खास शेवट असलेले डोमेन घ्यावे, आणि त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली. हे नाव देण्याचा अधिकार हैदराबादच्या आयडीआरबीटी या संस्थेकडे आहे. म्हणजे बँक नसलेल्या कोणाही ऐऱ्यागैऱ्याला ते मिळत नाही. तरीही आम्ही सरसकट सर्व बँकांना यादीत घेतलेले नाही. ज्या बँकांत कारखान्याचा व्यवहार आहे, त्यांचीच नावे पूर्ण लिहिली आहेत. तिसरे, संशोधन संस्था व कृषी विद्यापीठे. चौथे, करार झालेले पुरवठादार व साखरेचे व्यापारी, तेही स्वतःचे डोमेन असलेले.

यादी एकदा करून कपाटात ठेवावयाची नाही. बेणेमळा दर तीन-चार वर्षांनी बदलावा लागतो, नाही तर त्याच बेण्यातून रोग चालत येतो, हे आम्ही आपणांस नेहमी सांगतो. यादीचेही तसेच. एखाद्या पुरवठादाराचा करार संपला, त्याने डोमेनचे वार्षिक शुल्क भरले नाही, तर तेच नाव उद्या दुसरा कोणीही विकत घेऊ शकतो. आपल्या यादीत मात्र ते 'ओळखीचे' म्हणून राहील. सबब हंगामापूर्वी आणि हंगाम संपल्यावर, अशी वर्षातून दोनदा यादी तपासून जुनी नावे काढली जातील.

चिठ्ठीही खोटी असू शकते

यावर एका तरुण सभासदाने आम्हांला बरोबर अडविले. तो म्हणाला, "साहेब, नंबरप्लेट पण खोटी बसवता येते की!" अगदी खरे. पाठविणारा आपल्या पत्रावर मंजूर यादीतले डोमेन सरळ लिहून मोकळा होऊ शकतो. म्हणून नुसती यादी पुरेशी नाही. यादी पाहण्याच्या आधी तीन तपासण्या होतात.

पहिली 'एसपीएफ'. प्रत्येक संस्था जाहीर नोंदीत लिहून ठेवते की आमचे टपाल अमुक यंत्रांवरूनच निघते. बँकेत सोसायटीच्या चेअरमन व सचिवांच्या नमुना सह्या असतात तसे हे आहे. दुसऱ्याच यंत्रावरून पत्र निघाले असेल, तर सही जुळत नाही. दुसरी 'डीकेआयएम'. ही लाखेची मोहर समजा. वाटेत कोणी मजकुरातला एक आकडा जरी बदलला तरी मोहर फुटलेली दिसते. तिसरी 'डीमार्क'. पत्रावर दिसणारे नाव आणि वरील दोन तपासण्यांतले नाव एकच आहे का, आणि नसेल तर पत्राचे काय करावे, हे त्या संस्थेनेच आधी सांगून ठेवलेले असते. या तपासण्यांत उतरलेले पत्र मगच यादीशी ताडून पाहावयाचे. काही ठिकाणी यादीत नाव आहे म्हणून बाकीच्या तपासण्या माफ करतात. ते म्हणजे ओळखीचा ड्रायव्हर आहे म्हणून गाडी काट्यावर न घेण्यासारखे झाले. आपल्याकडे तशी माफी कोणालाही नाही. जोडलेल्या कागदाची विषाणू तपासणीही सर्वांचीच होईल.

इतके करूनही एक फट राहते. मंजूर संस्थेतल्याच एखाद्याचा पासवर्ड चोरीला गेला, तर पत्र खऱ्या पत्त्यावरून, खऱ्या मोहरेने येईल आणि तरीही ते चोराचे असेल. शिवाय चोर ई-मेलचा रस्ता सोडून दुसऱ्या वाटेनेही येतो. सप्टेंबर २०२२ मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची एक कोटीहून अधिक रुपयांची फसवणूक झाली, ती मालकांच्या नावाने आलेल्या व्हॉट्सॲप निरोपावरून. तिथे ई-मेलचे फाटक काय करणार? म्हणून दुसरा नियम असा केला आहे की, कोणाचेही बँक खाते केवळ ई-मेल, व्हॉट्सॲप वा फोनवरून बदलले जाणार नाही. मग तो पुरवठादार असो, तोडणी मुकादम असो की सभासद असो. जुन्या नोंदीतील क्रमांकावर आपण होऊन फोन करावयाचा, लेखी कागद घ्यावयाचा, दोघांच्या सह्या व्हावयाच्या, तेव्हाच खाते बदलेल.

जीमेलचा पेच

आता त्या वडीलधाऱ्या सभासदांच्या प्रश्नाकडे येतो. सभासदाचे पत्र कामून अडवायचे?

अडचण अशी आहे. आपल्यापैकी कोणाचा मुलगा पुण्याला नोकरीला असतो, कोणाची सून मोबाईलवरून अर्ज करते, कोणी गावातल्या सेवा केंद्रातून पत्र धाडतो. हे सर्व जण जीमेल वापरतात. जीमेल हे एक डोमेन यादीत घातले, तर आपल्या सभासदांसाठी दार उघडते हे खरे, पण जगातल्या प्रत्येक जीमेलवाल्यासाठीही तेच दार उघडते. जीमेलचा पत्ता पाच मिनिटांत, फुकट, हव्या त्या नावाने मिळतो. शंभर फूट कुंपण घालून मधोमध बैलगाडी जाईल एवढी वाट ठेवण्याचा हा प्रकार. जीमेल बंद ठेवले तर सभासद बाहेर, उघडले तर चोर आत.

यावर काहींचे म्हणणे पडले की सभासदांनी ई-मेल करूच नये, गट ऑफिसला यावे. आम्हांला ते पटले नाही. सभासद हा कारखान्याचा मालक आहे. ज्याचे शेत कारखान्यापासून चाळीस किलोमीटरवर आहे त्याला एका अर्जासाठी दिवसाचा खाडा पाडावयास लावणे बरे नव्हे. शेवटी शेतकी विभागाने आपली पेटी सर्वांसाठी खुली ठेवावी असे ठरले. ऊस नोंद, तोडणीची तारीख, बेणे मागणी, माती परीक्षण, वजनाची तक्रार, या कामांची पत्रे कोणत्याही पत्त्यावरून आली तरी आम्ही घेऊ. मात्र या पेटीच्या संगणकाचा हिशेब विभागाच्या संगणकाशी संबंध नाही. त्यावरून एक रुपयाही हलत नाही. म्हणजे ओसरी सर्वांना मोकळी, माजघराला कडी.

याउपर एखादे खरे पत्र चार विभागांच्या फाटकावर अडकलेच, तर ते फाडून टाकले जात नाही. ते वेगळ्या पेटीत थांबते. नेमलेला कारकून सकाळी व दुपारी ती पेटी पाहतो, पाठविणाऱ्यास कळवितो आणि योग्य पत्र संबंधित विभागाकडे देतो. यात काही तासांचा, क्वचित एखाद्या दिवसाचा उशीर होईल. ही गैरसोय खरी आहे, ती लपविण्यात अर्थ नाही. परंतु एक दिवस उशिरा पोचलेले पत्र पुन्हा पाठविता येते, भलत्या खात्यात गेलेले पैसे बहुधा परत येत नाहीत.

सभासदांनी काय करावे

१. ऊस बिलाचे बँक खाते बदलावयाचे असल्यास पासबुकाची प्रत घेऊन स्वतः गट ऑफिसला यावे. आजारी वा वृद्ध सभासदांनी चिटबॉयजवळ निरोप द्यावा, आमचा माणूस घरी येईल.

२. शेतकी विभागाला ई-मेल करताना आपला सभासद क्रमांक, गाव व गट जरूर लिहावा. नुसते 'माझ्या उसाचे काय झाले' एवढ्यावरून शोध लागत नाही.

३. कारखान्याच्या नावाने खाते क्रमांक, ओटीपी वा पिन मागणारा ई-मेल, फोन किंवा निरोप आल्यास तो कारखान्याचा नव्हे असे समजावे. कारखाना ओटीपी कधीही मागत नाही.

४. मोबाईलवर येणाऱ्या एसएमएसलाही आता असेच फाटक आहे. ट्रायच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे व्यापारी संदेश पाठविणाऱ्या संस्थेला आपले नाव आधी नोंदवावे लागते. १ ऑक्टोबर २०२४ पासून आधी नोंद न केलेली लिंक असलेले असे संदेश रोखले जाऊ लागले. म्हणून साध्या दहा आकडी मोबाईल क्रमांकावरून 'आपले ऊस बिल जमा, इथे दाबा' असा संदेश आला तर दाबू नये.

५. व्हॉट्सॲपवर 'पीएम किसान' वा बँकेच्या नावाने येणारी 'एपीके' फाईल उघडू नये. व्हॉट्सॲपला आपल्या कारखान्याचे फाटक नाही, तिथले राखणदार आपणच.

६. फसवणूक झालीच, तर लाजेपोटी गप्प बसू नये. १९३० या क्रमांकावर तत्काळ फोन करावा आणि आपल्या बँकेस कळवावे. पहिल्या काही तासांत कळविले तर रक्कम अडविली जाण्याची शक्यता अधिक असते.

७. ज्या सभासदांची मुले संगणकाचे शिक्षण घेत आहेत त्यांनी गट ऑफिसला येऊन ही पद्धत पाहावी. त्यात काही उणे दिसल्यास सांगावे. आम्हांला ते हवेच आहे.

शेवटी एवढेच सांगणे आहे. आपण बेणे घेताना दिसेल त्याचा ऊस तोडून आणत नाही. मूलभूत, पायाभूत, प्रमाणित अशा पायऱ्यांनी आलेले बेणे घेतो, कारण एका रोगट टिपरीने अख्खा फड नासतो हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. ते बेणे कुठल्या मळ्यातले, हे विचारण्यात कोणाचा अपमान नसतो. पत्राच्या बाबतीतही 'कुठून आले' हे विचारल्यास राग मानू नये. चिठ्ठी मागणारा चिटबॉय आपला शत्रू नव्हे, आपल्या टनाची राखण करणारा आहे.

आपल्या शंका शेतकी विभागास कळवाव्यात. पत्र कोणत्याही पत्त्यावरून आले तरी चालेल. सभासद क्रमांक तेवढा लिहावा, ही विनंती.